चित्र सुचेना? नातूबागेत जाऊन या

पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाबद्दल पर्यटकांनी भरपूर लिहून ठेवलंय. मुलांना न्यावं का, किती वेळ लागतो, गाडी कुठे लावायची, सगळं सापडतं. चित्र काढणाऱ्या माणसाला तिथे काय मिळतं, हे मात्र कुणी नीट लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून हा अभिप्राय.

मी कथाचित्रकार आहे. दिवाळी अंक, मुलांची मासिकं, अधूनमधून एखादं मुखपृष्ठ, यावर माझं घर चालतं. जुलै-ऑगस्ट उजाडला की संपादकांचे फोन सुरू होतात. "ताई, कथा पाठवलीय, एक हेडपीस आणि आत एक चित्र, सोमवारपर्यंत होईल ना?" (हेडपीस म्हणजे कथेच्या सुरुवातीला येणारं चित्र.) हात चालतो हो, हाताचं काही नाही. अडतं ते सुचण्यापाशी. आणि सुचण्यासाठी मी जिथे जाते ती जागा म्हणजे बाजीराव रस्त्याच्या आत, शुक्रवार पेठेतल्या नातूबागेतलं हे संग्रहालय.

कला महाविद्यालयातून नुकती बाहेर पडलेली मुलं कधी कधी माझ्याकडे काम दाखवायला येतात. रेषा चांगली असते, रंगाची समज असते. पण बऱ्याच जणांची चित्रं एकमेकांत मिसळली तर कुठलं कुणाचं ते ओळखू येऊ नये, अशी. तीच मोठ्या डोळ्यांची मुलगी, तीच पानांची वेल, तेच गुलाबी आणि मोरपंखी. विचारलं की म्हणतात, फोनवर रेफरन्स बघितले. फोनवर दिसतं ते दुसऱ्या कुणीतरी सोडवून झालेलं असतं. त्याच्यापुढे अडचण काय होती, जागा किती होती, काय सोडून द्यावं लागलं, यातलं काहीच दिसत नाही. मग उचलायला उरते ती फक्त वरची नक्षी. केळकर संग्रहालयात अडचण आणि तिच्यावर काढलेली वाट दोन्ही एकाच काचेमागे असतात. माझ्या मते चित्रकाराला याहून जास्त काही लागत नाही.

आधी थोडं संग्रहाबद्दल सांगते, कारण तो कुणी जमवला यावर त्यात काय आहे ते ठरलंय. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे मूळचे कवी. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहायचे आणि चष्म्याचं दुकान चालवायचे. १९२०च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. त्यांचा मुलगा राजा लहान वयातच गेला, त्याच्या आठवणीत संग्रहालयाला हे नाव. पत्नी कमलाबाईंची या सगळ्यात साथ होती. पुढे त्यांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. वीस हजारांच्या वर वस्तू आहेत आणि मांडलेल्या त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास. महत्त्वाचं हे, की केळकरांची नजर माजघरातून आणि स्वयंपाकघरातून फिरली. दिवे, कुलपं, अडकित्ते, वज्र्या, दौती, किसण्या, शेवयांचे साचे, पानाचे डबे. ज्यांच्यावर करणाऱ्याने नाव घातलेलं नाही अशा वस्तू. कवीचा डोळा होता म्हणूनच त्याला सुपारी कातरायच्या हत्यारात काहीतरी दिसलं, असं मला मनापासून वाटतं.

आता अडकित्त्यांबद्दल. मी आत गेले की पहिल्यांदा तिकडेच वळते.

अडकित्ता म्हणजे काय? दोन दांडे, एका टोकाला खिळा, खिळ्याजवळ पातं आणि त्याच्यासमोर सुपारी टेकवायची जागा. पात्याच्या धारेत कारागिराला काहीही करायची मुभा नाही, नाहीतर सुपारी कातरली जाणार नाही. खिळा सैल झाला तर धार सरकणार. दांडा हाताच्या मुठीत बसला पाहिजे. या तीन अटी पाळून उरतं किती? पात्याची वरची कड, खिळ्याभोवतीचा गोल आणि दांड्याची टोकं. बस, एवढंच. आणि या एवढ्याशा जागेत त्या माणसांनी घोडे बसवलेत, पोपट बसवलेत, स्त्री-पुरुषांची जोडपी बसवलीत. जोडप्याचा अडकित्ता तर उभं राहून बघण्यासारखा असतो. एका दांड्यावर ती, दुसऱ्यावर तो. अडकित्ता मिटला की दोघं जवळ, उघडला की दूर. म्हणजे त्या कारागिराने हत्याराची हालचालच चित्रात घेतली. पान खाणाऱ्याच्या हातात दिवसभर ती दोघं भेटत राहणार आणि दुरावत राहणार. मिठीचं चित्र कितीतरी जणांनी काढलंय, पण खिळ्याभोवती फिरणारी मिठी ज्याला सुचली त्याला मी गुरू मानते.

मागे एका दिवाळी अंकासाठी अशा नवरा-बायकोची कथा आली होती, जी दोघं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, पण रोज संध्याकाळी एकाच झोपाळ्यावर बसतात. झोपाळा काढला, दोघं काढली, पाठमोरी काढली, तोंडं फिरवून काढली. सगळं कसं कथेतलं वाक्य पुन्हा लिहिल्यासारखं. मग अडकित्त्यांच्या कपाटापुढे जाऊन उभी राहिले आणि वहीत नुसते खिळे काढत बसले. कुठे खिळ्यावर फूल आहे, कुठे चक्र, कुठे नुसतीच टोपी. घरी आल्यावर झोपाळ्याची कडी चित्राच्या बरोब्बर मध्यावर घेतली, मोठी, ठसठशीत, आणि दोन्ही बाजूंना दोन माणसं अशी ठेवली की त्यांच्या पाठींच्या रेषा त्या कडीतूनच निघाव्यात. चेहरे काढलेच नाहीत, लागलेच नाहीत. दोन कॉलम रुंदी आणि चार इंच उंची मिळाली होती, तेवढ्यात ते मावलं.

हे दोन कॉलमचं मुद्दाम सांगितलं. आमच्या कामात जागा दुसरा ठरवतो. शीर्षक कुठे, मजकूर कुठे, जाहिरात कुठे, हे आधीच ठरलेलं असतं आणि जे उरतं ते चित्राचं. पूर्वी याचा मला जाच वाटायचा. आता रिकाम्या चौकटीकडे बघताना मी आधी विचारते: यातला कुठला भाग कामाचा आहे, ज्याला हात लावायचा नाही, आणि कुठला मोकळा आहे? हा प्रश्न विचारायला मला कुठल्याही वर्गात शिकवलं नव्हतं.

वज्र्यांचंही तसंच. आताच्या मुलांना वज्री ठाऊकच नसते, म्हणून सांगते: अंघोळीच्या वेळी टाचा घासायची पितळी वस्तू, तळ खरखरीत आणि वर मूठ. तळावर उभ्या-आडव्या रेघा खोदलेल्या असतात, तो भाग टाचेचा. मूठ मात्र कारागिराची. तिथे मोर, हत्ती, पक्षी, कधी दोन पक्षी पाठीला पाठ लावून. काहींच्या पोटात बारीक खडे असतात, घासताना खुळखुळ वाजावं म्हणून. न्हाणीघरातल्या अंधारात, ओल्या हातात धरायची वस्तू, आणि तिला आवाज द्यावासा वाटला कुणाला तरी! कागदावर काढायच्या आधी या मुठींचा भरीवपणा बघा. बोटं जिथे रुतायची तिथे मोराची मान बारीक झालीय, तळवा जिथे टेकायचा तिथे पाठ रुंद झालीय. जिवंत मोराची अंगलट अशी नसते. ही अंगलट मुठीने ठरवली. लहान मुलांच्या मासिकासाठी प्राणी काढताना मी याच मुठी आठवते, कारण मुलाला चित्रातला प्राणी आधी हातात धरावासा वाटला पाहिजे.

कुलपांमध्ये एक विंचवाच्या आकाराचं आहे, ते चुकवू नका. विंचू का, हे मला असं वाटतं: हात लावू नकोस, हे एक अक्षरही न लिहिता सांगायचं होतं. मुखपृष्ठ करणाऱ्या प्रत्येकाने त्या कुलपापुढे पाच मिनिटं उभं राहावं.

दिव्यांच्या बाबतीत माझा सल्ला थोडा वेगळा. समया आणि लामणदिवे बघताना सगळे जण वरचा मोर बघतात. तुम्ही साखळी बघा. लामणदिवा साखळीला लटकतो, तेव्हा साखळी हीच मुळात एक लांब, उभी, अरुंद चित्रचौकट होते. तिच्या कड्यांमध्ये मध्येच हत्ती येतो, पोपट येतो, एखादी बाई येते, आणि प्रत्येक आकृतीला वर एक आणि खाली एक अशी कडी ठेवावीच लागते. उभ्या पट्टीत गोष्ट कशी लावायची, कुठे थांबायचं, कुठे नुसती कडी ठेवून डोळ्याला विसावा द्यायचा, हे त्या साखळ्यांनी मला दाखवलं. पुस्तकाच्या कण्यावरचं किंवा पानाच्या कडेचं चित्र करायचं असेल तर सरळ तिथे जा.

चित्रकथींपाशी मात्र घाई करू नका. या संग्रहालयाजवळ पैठण शैलीच्या चित्रकथींचा मोठा संच आहे आणि महाराष्ट्रात चित्र काढणाऱ्या कुणीही तो न बघता राहू नये, असं माझं ठाम मत आहे. रामायण-महाभारतातल्या कथा सांगणारी माणसं ही चित्रं एकेक करून लोकांसमोर धरायची आणि कथा गाऊन सांगायची. कागदावरची चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे एक फिरवलं की पुढचं तयार. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाने ही परंपरा आजही धरून ठेवली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा पुष्कळांना चित्रकथी हा प्रकार पहिल्यांदा कळला.

आता त्या चित्रांत मी काय बघते ते सांगते. चेहरा बाजूने, पण डोळा पुरा, समोरून पाहिल्यासारखा. मागे डोंगर नाही, आभाळ नाही, राजवाडा नाही. जमीन दाखवायची तर खाली एक पट्टी, झाड दाखवायचं तर एकच झाड, पण त्याचं पान न् पान मोजून. माणसं ओळीने उभी. आणि हात! प्रत्येकाचा हात काहीतरी म्हणतोय. बोट ज्या दिशेला, त्या दिशेला आपली नजर जाते, तिथे दुसऱ्याचा हात असतो, तो आणखी पुढे ढकलतो. असं करत करत नजर चित्राच्या दुसऱ्या कडेला पोचते, आणि तिथे राक्षस उभा असतो. हे सगळं का, तर समोर बसलेल्या गावाला लांबून, रात्रीच्या मिणमिणत्या उजेडात ते दिसायला हवं होतं. बारकावे कथेकऱ्याच्या तोंडी होते, चित्राने फक्त कोण, कुठे आणि आता काय होणार एवढं सांगायचं. कथाचित्राचं काम तरी याहून वेगळं काय आहे? मजकूर शेजारी छापलेलाच असतो. त्यातलंच पुन्हा काढून वाचकाचा वेळ का घ्यायचा?

एकदा मुलांच्या मासिकात उंदरांच्या अख्ख्या फौजेची गोष्ट आली. जवळचं मोठं, लांबचं लहान असं अंतर दाखवून फौज काढली तर मागचे उंदीर ठिपके होतात आणि मुलांना त्यांच्यात रस राहत नाही. मी चित्रकथीसारख्या तीन ओळी केल्या, एकीवर एक. प्रत्येक उंदीर सारख्याच आकाराचा, प्रत्येकाचा एक मोठा डोळा, आणि शेपट्या मात्र सगळ्यांच्या वेगवेगळ्या दिशांना. मातकट तांबडा, निळा आणि काळी रेषा, एवढेच रंग वापरले.

असं काही सांगितलं की एखादा विचारतोच, "म्हणजे तुम्ही नक्कल केलीत?" हो, वहीत नक्कलच करते, आणि तिथे लाजण्यासारखं काही नाही. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातले जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करत होते. त्या काळात वर्गात पाश्चात्त्य पद्धतीने शिकणाऱ्या मुलांचा हात अजिंठ्याच्या रेषेवरून फिरला तो असा. बंगालचे चित्रकार जामिनी रॉय कोलकात्याच्या सरकारी कला विद्यालयात पाश्चात्त्य पद्धतीचं व्यक्तिचित्रण शिकले, त्यात नाव मिळवलं, आणि मग ते सोडून कालीघाटच्या लोकचित्रांकडे, म्हणजे पटांकडे, आणि आपल्या बांकुडा जिल्ह्यातल्या खेड्यातल्या आकारांकडे वळले. आपल्याकडचे चित्रकार प्रभाकर बरवे बनारसच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते, तिथला काळ त्यांच्या चित्रांत शेवटपर्यंत झिरपत राहिला. घड्याळ, पान, फळ अशा रोजच्या गोष्टी त्यांनी कॅनव्हासवर ज्या गांभीर्याने ठेवल्या, ते गांभीर्य मला अडकित्ता करणाऱ्यातही दिसतं.

संग्रहालयातल्या सगळ्याच दालनांत माझा जीव रमतो असं नाही. शस्त्रांजवळून मी भराभर पुढे जाते. ऐतिहासिक कथेची चित्रं करणाऱ्यांना तलवारीच्या मुठी आणि ढाली उपयोगी पडतील, त्यांनी थांबावं. वाद्यांचं दालन सुंदर आहे, पण वाद्य वाजताना त्याभोवती हात कसे बसतात हे बघितल्याशिवाय मला ते काढता येत नाही, म्हणून ती चित्रं मी मैफलीत बसून करते. मस्तानी महालापाशी गर्दी असते. कोथरूडच्या महालाचे भाग आणून तो इथे पुन्हा उभारलाय. लोक बाजीराव-मस्तानीच्या गोष्टीसाठी येतात. तुम्ही खांब, महिरपी आणि एकूण रंगाचा तोल बघा. पेशवाईतली बैठक काढायची वेळ आली तर इथली एक टिपणवही पुरेल. लाकडी कोरीव दरवाजांसाठी मात्र वेगळी चक्कर ठेवा. एका दमात हे सगळं डोळ्यांत मावत नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी उघडल्या उघडल्या जा. सुट्टीच्या दिवशी शाळांच्या सहली असतात आणि कपाटापुढे उभं राहून काढत बसणं इतरांच्या वाटेत येतं. फोटोचे आणि चित्र काढण्याचे नियम तिकीटखिडकीवर आधी विचारून घ्या. शाई आणि रंग घरी ठेवा, २बी किंवा ४बी पेन्सिल आणि हातात मावणारी वही पुष्कळ झाली. काचेवर झळक येतेच, थोडं तिरपं उभं राहिलं की जाते. आणि कृपा करून फोनमध्ये दोनशे फोटो भरून घरी जाऊ नका. फोटोत सगळं सारखंच येतं. काढायला लागलं की कुठली कड झिजलीय, कुठे पितळ जास्त चकाकतंय, बोट कुठे टेकत असेल, हे तुमचं तुम्हाला विचारावं लागतं. मी चित्राशेजारी बारीक अक्षरात हेच लिहून ठेवते: इथे झिजलंय, इथे जड, इथे पोकळ. महिन्यांनी वही उघडली तर चित्रापेक्षा या नोंदीच जास्त कामाला येतात. एका खेपेला दोन-तीनच वस्तू घ्या, पण त्या सगळ्या बाजूंनी.

मुंबईकर विचारतील, आमच्याकडे काय कमी आहे? काहीच नाही. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुलं झालं. तिथल्या मातीच्या छोट्या पुतळ्यांत निरनिराळ्या समाजांचे पेहराव, पगड्या आणि धंदे बघायला मिळतात. जुन्या मुंबईची कथा हातात असेल तर मी तिथेच जाते. लघुचित्रांसाठी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. पण पोशाख कसा होता हा माहितीचा प्रश्न झाला. चित्राची मांडणी कशी करू, हा प्रश्न असेल तेव्हा मला नातूबागच लागते.

तिथून निघाल्यावर अंगात ताकद असेल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत जाऊन या, फार लांब नाही. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने मठारकाम कसं करतात ते तिथे प्रत्यक्ष बघायला मिळतं. एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला चिकटून पडतो आणि गुळगुळीत पत्र्यावर उजेडाचे शेकडो ठिपके उभे राहतात. पेन-इंकमध्ये ठिपक्यांनी छटा देणाऱ्याने ते हात जवळून बघावेत. काम चाललेलं असतं, तेव्हा आधी विचारा आणि मग बाजूला उभे राहा.

पाचपैकी पाच तारे देते, आणि ते चित्र काढणाऱ्यांच्या वतीने देते. जाता जाता ग्रेड परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या आई-बाबांसाठी एक. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या संकल्पचित्रासाठी क्लासमध्ये तयार फुलं आणि तयार वेली घोकून घेतात, आणि पेपरात शेकडो मुलं तीच वेल काढून येतात. तुमच्या मुलाला एका सकाळी इथे आणा. एक वज्री त्याची त्याला निवडू द्या. तिची मूठ तीन बाजूंनी काढू द्या, आणि घरी आल्यावर तोच आकार एकदा चौकोनात, एकदा वर्तुळात आणि एकदा लांब पट्टीत बसवायला सांगा. तो काढत असताना शेजारी उभे राहू नका, पुढच्या दालनात जाऊन दिवे बघा.